मॉस्कोंतील बालकथा-संगीत

परदेशच्या प्रवासवर्णनांत राजवाडे, पुतळे आणि पदार्थसंग्रहालयें यांचीं वर्णनें वाचून वाचक आतां थकले असतील, अशी आमची समजूत आहे. मॉस्को पाहून आलेल्या मनुष्यानें क्रेमलिनच्या भिंती, तांबडा चौक आणि संत बॅसिलच्या देवळाचे रंगीबेरंगी घुमट यांविषयीं लिहूं नये असें नाहीं; परंतु तीं सर्व चित्रें आज घरबसल्या पाहावयास मिळतात. सन २०१८ च्या मे महिन्यांत आम्ही त्या शहरीं तीन आठवडे होतों. आमचा भाचा तेथें नोकरीनिमित्त राहत होता, त्याच्या आग्रहानें हा योग आला. जन्मभर शाळेंत मुलांपुढें उभ्या राहिलेल्या माणसाचें लक्ष कोठेंही गेलें तरी शेवटीं मुलांकडेच वळावयाचें. म्हणून प्रस्तुत लेखांत मॉस्कोंतील एकाच गोष्टीविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. ती म्हणजे, कथा सांगतां सांगतां मुलांच्या कानांवर अभिजात संगीत घालण्याची तेथील रीत.

रशियन बालवाङ्मय मराठी घरांस अगदींच अपरिचित नाहीं. मॉस्कोंत मराठींत छापलेलीं, गुळगुळीत कागदाचीं व सुंदर चित्रांचीं पुस्तकें एके काळीं आपल्याकडे अत्यल्प किंमतींत मिळत असत. आम्हीं स्वतः शाळेच्या बक्षीससमारंभासाठीं तीं कैक वेळां खरीदलीं आहेत. त्यांतील अस्वलें, कोल्हे आणि बर्फांतलीं घरें आमच्या विद्यार्थ्यांस पाठ होतीं. परंतु ज्या देशांत गोष्टीस इतका मान आहे त्या देशांत गोष्ट नुसती वाचली जात नाहीं, ती वाजविलीही जाते, हें मात्र आम्हांस तेथें गेल्यावरच प्रत्यक्ष कळलें.

शहराच्या मध्यभागीं नाट्यचौक म्हणून एक प्रशस्त जागा आहे. समोर बोल्शॉय हें जगप्रसिद्ध नाट्यगृह; आठ प्रचंड खांब आणि माथ्यावर अपोलो देवाचा चार घोड्यांचा रथ. प्रवासी लोक त्या रथाकडे माना वर करून पाहतात आणि डावीकडे असलेल्या इमारतीकडे कोणाचें विशेष लक्ष जात नाहीं. आमचें मात्र तिनेंच वेधून घेतलें. आज तेथें युवकांचें नाट्यगृह आहे. सन १९३६ मध्यें याच वास्तूंत मध्यवर्ति बालनाट्यगृह उघडलें गेलें, आणि त्याची चालक एक बत्तीस वर्षांची बाई होती. मुलांच्या नाटकास राजधानीच्या सर्वांत मानाच्या चौकांत, बोल्शॉयच्या खांद्यास खांदा लावून जागा मिळावी, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्याकडे मुलांचें नाटक म्हटलें म्हणजे सुटींतला रिकामा दुपारचा प्रयोग, अशी समजूत अद्याप पुरती गेलेली नाहीं.

त्या बाईचें नांव नातालिया साट्स. तिचा जन्म १९०३ सालचा. वडील इल्या साट्स हे मॉस्कोच्या सुप्रसिद्ध आर्ट थिएटरचे संगीतकार. मेटरलिंक या बेल्जियन नाटककाराच्या ‘नील पक्षी’ नाटकाचा प्रयोग स्टॅनिस्लाव्हस्कीनें १९०८ सालीं केला, त्याचें संगीत यांचेंच. मुलगी नऊ वर्षांची असतां वडील वारले. पुढें राज्यक्रांति झाली, आणि १९१८ सालीं, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षीं, मॉस्को नगराच्या नाट्यविभागांत मुलांच्या खात्याचें काम या मुलीकडे आलें. आपल्याकडे त्या वयांत आम्ही मॅट्रिकच्या भूमितींत गुंतलेले असतों! १९२१ सालीं तिचें बालनाट्यगृह सुरू झालें, आणि १९३१ सालीं बर्लिन व ब्यूनॉस आयर्स येथें क्लेंपरर या थोर संगीतसंचालकाबरोबर तिनें मोठ्यांचे ऑपेराही बसविले. तथापि मन मुलांतच.

तिच्या नाट्यगृहांत १९३५ च्या सुमारास एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन येऊं लागले. ते सर्गेइ प्रोकोफिएव. हे १९१८ सालीं देश सोडून गेले होते. अमेरिका, पॅरिस वगैरे ठिकाणीं कीर्ति मिळवून ते आतां कुटुंबासह मायदेशीं परत येत होते. स्वतः नऊ वर्षांचे असतांना त्यांनीं पहिला ऑपेरा लिहिला होता, त्यामुळें लहान मुलांस संगीत ‘कळत नाहीं’ हें मत त्यांजपाशीं चालणारें नव्हतें. साट्सबाईंनीं त्यांस गळ घातली कीं, वाद्यवृंदांतील निरनिराळ्या वाद्यांची ओळख मुलांस व्हावी अशी एखादी रचना करून द्या. व्याख्यान देऊन ओळख नको, गोष्टींतून व्हावी. प्रथम दुसऱ्या एका लेखिकेकडून पद्यांत कथा लिहवून घेतली होती. ती यमकांनीं इतकी भरलेली होती कीं प्रोकोफिएव यांनीं ती बाजूस सारली आणि साध्या गद्यांत स्वतःच लिहिली. कथा सांगणाऱ्यानें संगीतास वाट करून द्यावी, स्वतः नाचूं नये, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. यमकप्रिय बालकवींनीं या प्रसंगाचें मनन करण्यासारखें आहे.

१९३६ च्या एप्रिलमध्यें रचना तयार झाली. नांव ‘पीटर आणि लांडगा’. वाजविण्यास लागणारा वेळ अर्ध्या तासाहूनही कमी. २ मे रोजीं मॉस्कोंत पहिला प्रयोग झाला, त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. त्यानंतर साट्सबाईंनीं स्वतः निवेदन करून मुलांपुढें ती रचना मांडली. आणि आज जगाच्या पाठीवर असा सुधारलेला देश विरळा कीं जेथें ती मुलांनीं ऐकलेली नाहीं.

नाट्यचौकापासून दहा मिनिटें चाललें कीं कामेर्गेर्स्की नांवाची एक गल्ली लागते. गाड्यांस मज्जाव असल्यानें तेथें निवांत फिरतां येतें. एका बाजूस आर्ट थिएटर, जेथें साट्सबाईंचे वडील काम करीत. आणि समोरच्या बाजूस सहा क्रमांकाचें घर, जेथें प्रोकोफिएव यांचीं अखेरचीं वर्षें गेलीं. ५ मार्च १९५३ रोजीं त्यांचा अंत झाला. त्याच दिवशीं स्टालिन वारला. त्याचें शव जवळच्याच एका सभागृहांत दर्शनास ठेविलें होतें, आणि लोकांच्या व शिपायांच्या गर्दीनें आसपासचे सर्व रस्ते असे तुंबले कीं या थोर संगीतकाराचें शव घराबाहेर काढणेंही कठीण झालें. शहरांतलीं सारीं फुलें दुसरीकडे गेलीं होतीं. त्या घरांत २००८ सालीं संग्रहालय उघडलें असून, २०१६ च्या डिसेंबरांत गल्लींत पुतळाही बसविला आहे. आम्ही गेलों तेव्हां त्या पुतळ्याशेजारीं दोन पोरें बर्फाची मलई खात उभीं होतीं.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. भाच्याच्या घराजवळ मुलांची एक संगीतशाळा होती. नेहमींची शाळा सुटल्यावर मुलें येथें येतात आणि वर्षानुवर्षें पद्धतशीर शिक्षण घेतात. अशा शाळा त्या देशांत गांवोगांव आहेत. एका रविवारीं सकाळीं तेथील पांच शिक्षक ‘पीटर आणि लांडगा’ वाजविणार आणि एक शिक्षिका कथा सांगणार, अशी पाटी दारावर लागली. मूळ रचना मोठ्या वाद्यवृंदासाठीं असली तरी पांच फुंकवाद्यांसाठीं तिचीं रूपांतरें झालेलीं आहेत, आणि दिवाणखान्याएवढ्या जागेंत तीं फार शोभतात. भाच्याची सात वर्षांची कन्या आमच्या करंगळीस धरून निघाली. घरांत मराठी, अंगणांत रशियन, अशी तिची दुहेरी राहणी. आम्हांस रशियन भाषेचें एक अक्षर येत नाहीं. तेव्हां दुभाष्याचें काम तिच्याकडे आलें आणि त्याचा तिला मोठा अभिमान वाटत होता.

जागा म्हणजे वरच्या मजल्यावरील एक लांबट खोली. पुढें गालिचा, त्यावर लहान मुलें; मागें खुर्च्यांवर आया, आज्या आणि आमच्यासारखे एकदोन आजोबा. व्यासपीठ नव्हतें. वादक मुलांपासून इतक्या जवळ बसले होते कीं पहिल्या रांगेंतल्या पोराचा हात बासरीस सहज पोंचावा. आधीं वाद्यांची ओळख झाली. ही चाल शिक्षकांची नव्हे. प्रयोगापूर्वीं मुलांस वाद्यें दाखवावीं व प्रत्येकाची चाल वाजवून दाखवावी, अशी सूचना प्रोकोफिएव यांनींच आपल्या संहितेंत केलेली आहे. एकेक शिक्षक उठे, वाद्य उंच धरी, चार सूर वाजवी आणि बाई विचारीत, हा कोण?

बासरी म्हणजे चिमणा पक्षी. ओबो म्हणजे बदक. हें वाद्य आपल्या सनईच्या कुळांतलें, दोन पातळ पत्त्यांमधून फुंकावयाचें, आणि त्याचा किंचित नाकांतला आवाज बदकास असा चपखल बसतो कीं पहिल्या फुंकरीबरोबर सारीं मुलें हंसलीं. क्लॅरिओनेट म्हणजे मांजर. आपल्या लग्नांच्या बँडांत हें वाद्य आम्हीं कैक वेळां ऐकलें, पण त्याच्या खालच्या सुरांत मांजरीचीं मऊ पावलें असतील असें कधीं ध्यानीं आलें नव्हतें. पितळेचें वेटोळें घातलेलें शिंग, ज्यास हॉर्न म्हणतात, तो लांडगा. मूळ रचनेंत अशीं तीन शिंगें एकदम वाजतात, येथें एकावरच भागविलें होतें. आणि बसून ऊर्ध्वमुख धरावयाचें जाड, लांब बसून नांवाचें वाद्य म्हणजे आजोबा. पाहा, पांच वाद्यें आणि पांच पात्रें! मोठा वाद्यवृंद आटवून पांचांवर आणला तरी एकही पात्र उपाशी राहिलें नाहीं. फक्त पीटर मात्र निराधार झाला; कारण मूळांत त्याची चाल तंतुवाद्यांवर आहे, आणि येथें तार एकही नव्हती. ती चाल पांचही जण आळीपाळीनें वाजवीत. आम्हांस तें विशेष आवडलें. घरांतल्या मुलास ज्याप्रमाणें सर्वांनीं मिळून सांभाळावें तसा तो प्रकार होता.

कथा थोडक्यांत अशी. पीटर सकाळीं फाटक उघडून हिरव्या कुरणांत जातो. झाडावर पक्षी, तळ्यांत बदक. दोघांचा वाद जुंपतो. मांजर गवतांतून दबा धरून येतें; पीटर ओरडतो, पक्षी उडतो. इतक्यांत आजोबा येऊन रागें भरतात कीं कुरण धोक्याचें, लांडगा आला असता तर? नातवास घरांत नेऊन ते फाटक लावतात. आणि खरोखरच लांडगा येतो. मांजर झाडावर चढतें. बिचारें बदक गडबडीनें तळ्याबाहेर पडतें, लांडगा त्यास गांठतो आणि सबंध गिळतो. मग पीटर दोर घेऊन भिंतीवरून झाडावर जातो, पक्ष्यास लांडग्याच्या तोंडाभोंवतीं घिरट्या घालावयास सांगतो, आणि वरून फांसा सोडून लांडग्याची शेपटी पकडतो. शिकारी बंदुका उडवीत येतात. पीटर त्यांस थांबवितो. आणि लांडग्याची मिरवणूक प्राणिसंग्रहालयाकडे निघते.

आमची दुभाषी पहिलीं पांच मिनिटें इमानेंइतबारें कानांशीं लागून भाषांतर करीत होती. पुढें मांजर निघालें आणि तिचें तोंड बंद झालें. “आजोबा, आतां सांगायचं नसतं,” एवढेंच ती म्हणाली. त्यानंतर लांडगा पकडला जाईपर्यंत तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं. भाषा अशी हातची सुटल्यामुळें आमची एक परीक्षाच झाली. संगीत खरोखर कथा सांगतें, कीं कथेच्या आधारानें आपण तसें मानून घेतों? आम्हांस असें आढळलें कीं मांजराचें सरपटणें, आजोबांचें करवादणें, लांडग्याचें अरण्यांतून बाहेर पडणें, हें सर्व शब्दांवांचून स्पष्ट कळतें. परंतु पक्षी आणि बदक यांचा वाद नेमका कशावरून, हें नुसत्या सुरांतून मुळींच कळलें नाहीं. भांडण चाललें आहे एवढेंच कळलें. ज्यास उडतां येत नाहीं तो कसला पक्षी, असें एक म्हणतें. आणि ज्यास पोहतां येत नाहीं तो कसला, असें दुसरें. हें त्या मुलीनें मागाहून सांगितलें. म्हणजे गति, आकार, राग, भय हें सुरांच्या स्वाधीन, युक्तिवाद शब्दांच्या. या दोहोंची वांटणी ज्यानें इतकी अचूक केली त्याच्या बुद्धीचें कौतुक वाटतें.

बदक गिळलें गेलें त्या वेळीं खोलींत शांतता झाली. एक तीनचार वर्षांचा मुलगा रडूं लागला. त्याच्या आईनें त्यास उचलून बाहेर नेलें नाहीं, मांडीवर घेतलें इतकेंच. बाईंनीं क्षणभर वाट पाहिली आणि पुढें चालविलें. बंदुकीच्या आवाजासाठीं मूळांत नगारे आहेत. येथें नगारे कोठले? बाईंनीं खूण करतांच साठसत्तर पावलें एकदम जमिनीवर आदळलीं, आणि मघांचा रडका मुलगाही त्यांत होता. गप्प बसा, हालूं नका, असें त्या सबंध तासांत कोणीं कोणास म्हटलें नाहीं. मुलें आपण होऊन गप्प होतीं, कारण बोललें तर पावलांचा आवाज ऐकूं आला नसता. शाळामास्तर म्हणून आम्हीं ही गोष्ट मुद्दाम टिपून ठेविली.

आमच्या संस्कृत वाचनाची संवय या ठिकाणीं थोडी डोकावली, तर वाचकांनीं क्षमा करावी. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केलेले आहेत. त्या दिवशींचीं पांचही वाद्यें सुषिर. त्याच ग्रंथांत ध्रुवा नांवाच्या गीतांचें विस्तृत प्रकरण आहे. पात्र रंगभूमीवर येतांना म्हणावयाची प्रावेशिकी, जातांना नैष्क्रामिकी, प्रसंगाचा ओघ एकाएकीं तुटतो तेव्हां आक्षेपिकी. अशा पांच ध्रुवा. गीत ऐकतांच कोण आलें, कोणत्या अवस्थेंत आलें, हें प्रेक्षकानें जाणावयाचें. पीटर, मांजर आणि लांडगा यांच्या चाली म्हणजे प्रावेशिकी ध्रुवाच नव्हेत काय? तसेंच, आपल्या शिक्षाग्रंथांत सात स्वरांचें नातें प्राण्यांशीं जोडलेलें आहे: मोराचा षड्ज, क्रौंचाचा मध्यम, कोकिळेचा पंचम, हत्तीचा निषाद. मात्र या साम्यावरून ‘हें सर्व आमच्याकडे पूर्वींच होतें’ अशी प्रौढी मिरविण्याची आमची इच्छा नाहीं. आमच्या पूर्वजांनीं स्वरास प्राणी दिला; प्रोकोफिएव यांनीं वाद्याच्या आवाजास, त्याच्या जातिवंत रंगास प्राणी दिला. हा विचार निराळा आहे. आपल्या संगीतांत राग मुख्य, वाद्य कोणतें हा प्रश्न दुय्यम. सनईवरचा भूप तो सतारीवरचाही भूप. पाश्चात्यांकडे आवाजाच्या रंगास जें महत्त्व आहे तें अंगीं मुरल्याशिवाय त्यांचें वाद्यसंगीत आपणांस परकेंच वाटत राहतें, आणि आमच्या मतें हा परकेपणा घालविण्यास या गोष्टीसारखें दुसरें साधन नाहीं.

आपल्याकडील खरी तुलना नारदीय कीर्तनाशींच करावयाची. बुवा, तबला, पेटी आणि झांज. आख्यान आणि राग एकाच मुखांतून. लहानपणीं देवळाच्या सभामंडपांत आजीच्या पदराआड बसून आम्हीं जे राग प्रथम ऐकले त्यांचीं नांवें कित्येक वर्षांनीं कळलीं. मात्र कीर्तनांत कथा सांगणारा आणि गाणारा एकच असल्यानें सारा भार बुवांवर. बुवा रंगले तर कीर्तन रंगणार. मॉस्कोच्या त्या खोलींत कथा सांगणाऱ्या बाई अगदीं साधें बोलत होत्या, आणि वाद्यें त्यांच्या वाक्यांच्या मधल्या जागेंत बोलत होतीं. दुसरा भेद उद्देशाचा. आमच्या पूर्वरंगांत निरूपण, आणि उत्तररंगांतील आख्यान त्याचा दृष्टांत. पीटरच्या गोष्टीस निरूपणच नाहीं.

किंवा आहे, पण तें उलट आहे, असें कोणी म्हणतील. आजोबा जा म्हणतात तेथें जावें, नको म्हणतात तेथें जाऊं नये, हा आपल्या एकत्र कुटुंबांतला धडा. येथें तर आजोबांची आज्ञा मोडणारा मुलगाच लांडगा पकडतो! त्या काळच्या सोव्हिएट राज्यास असेंच कांहीं हवें होतें. मूळ संहितेंतील पीटर हा पायोनियर, म्हणजे त्यांच्या बालसंघटनेचा सभासद आहे. तो लांडग्यास भीत नाहीं. वडीलधारे जुने आणि भित्रे, नवी पिढी धीट. कार्यक्रम संपल्यावर बाईंनीं मुलांस हाच प्रश्न घातला: आजोबांचें बरोबर होतें कीं नाहीं? दुभाषी पुनः कामावर आली. कांहीं मुलें म्हणालीं, चुकीचें, कारण पीटर जिंकला. एक मोठी मुलगी म्हणाली, बरोबर, कारण बदकाचे आजोबा असते तर तें वांचलें असतें. यावर मोठा हंशा झाला. बाईंनीं निकाल दिला नाहीं.

आम्हांस विचाराल तर संहितेपेक्षां संगीत आजोबांशीं अधिक ममतेनें वागतें. बसूनचा आवाज खरखरीत आणि अंमळ विनोदी खरा, पण त्यांत दुष्टपणा नाहीं. शेवटच्या मिरवणुकींत सर्वांच्या मागें मांजरासह आजोबा चालतात आणि मान हालवीत म्हणतात कीं, पीटरनें लांडगा पकडला नसता तर काय झालें असतें? या प्रश्नास कोणीही उत्तर देत नाहीं, आणि आजोबांस मिरवणुकींतून कोणी वगळीतही नाहीं. आम्हांस घरांत याहून अधिक कांहीं नको असतें. वाजविणारे गृहस्थ आमच्याच वयाचे, पांढऱ्या मिशांचे होते. निघतांना आमच्याकडे पाहून त्यांनीं वाद्य किंचित उचललें.

मिरवणूक गेल्यावर अगदीं शेवटीं, कान देऊन ऐकलें तर, लांडग्याच्या पोटांत बदकाचा आवाज ऐकूं येतो. कारण घाईंत त्यानें तें जिवंतच गिळलेलें असतें. ओबोचे ते चार दबलेले सूर ऐकतांना आम्हांस मात्र राहून राहून साट्सबाईंची आठवण होत होती. १९३६ च्या मे महिन्यांत त्यांनीं ही कथा मुलांस सांगितली. १९३७ च्या ऑगस्टांत त्यांस पकडून नेलें. त्यांचे पति इस्राइल व्हेइत्सेर हे सरकारांत व्यापारखात्याचे मंत्री होते, त्यांवर राजद्रोहाचा आरोप आला व १९३८ सालीं त्यांस गोळी घातली. बाईंचा अपराध एवढाच कीं त्या अशा मनुष्याच्या पत्नी. शिक्षा पांच वर्षें छावणींत. त्या कैद्यांच्या छावणींतही त्यांनीं माणसें जमवून नाटकें बसविलीं. १९४२ सालीं सुटका झाली, पण मॉस्कोंत लगेच थारा कोठला? त्या दूर कझाकस्तानांत आल्मा-आटा येथें गेल्या, आणि तेथें १९४५ सालीं कझाक मुलांचें पहिलें नाट्यगृह उघडलें. प्रोकोफिएव यांच्या पहिल्या पत्नी लीना यांचेंही असेंच झालें. १९४८ सालीं पकडल्या गेल्या त्या १९५६ सालीं सुटल्या, आणि पतीच्या मरणाच्या वेळीं त्या छावणींत होत्या.

बाईंचें पुढचें काम पाहावें म्हणून एके दिवशीं आम्ही व्हर्नाड्स्की मार्गावर गेलों. १९३५ सालीं बांधलेल्या ओखोत्नी र्याद या भुयारी स्टेशनावरून गाडी निघते. बराच वेळ जमिनीखालून धांवल्यावर ती एकदम उजेडांत येते आणि मॉस्को नदीवरील पुलावरच्या स्टेशनांत थांबते. पुढचें स्टेशन युनिव्हर्सिटी. तेथें उतरून सर्कशीच्या भल्या मोठ्या वाटोळ्या इमारतीशेजारीं मुलांचें संगीत-नाट्यगृह आहे. ही संस्था बाईंनीं १९६५ सालीं काढली, त्या वेळीं त्यांचें वय बासष्ट. आणि ही स्वतंत्र इमारत उघडली १९७९ सालीं, तेव्हां शाहात्तर. ज्या वयांत आमच्यासारखे लोक पेन्शनीचे कागद सांभाळीत बसतात त्या वयांत या बाईंनीं मुलांच्या ऑपेराचें घर उभारलें. १९९३ सालीं त्या वारल्या. नाट्यगृहास आतां त्यांचेंच नांव आहे. छपरावर नील पक्षी बसविलेला आहे. तो कोठून आला हें ज्यास १९०८ सालची हकीकत ठाऊक आहे त्यास सांगावयास नको. आंत एका दालनाच्या भिंती पालेख गांवच्या चित्रकारांनीं लोककथांतील चित्रांनीं भरून टाकिल्या आहेत. मुलें खेळ सुरू होण्यापूर्वीं त्यांसमोर घुटमळत असतात, आणि त्यांस कोणी घाई करीत नाहीं.

एवढीं मोठालीं घरें आपणांस लागलींच उभारतां येतील असें नाहीं. पण पांच माणसें आणि एक खोली कोणत्याही गांवीं मिळते. स्ट्राव्हिन्स्कीनें १९१८ सालीं स्वित्झर्लंडांत ‘शिपायाची गोष्ट’ लिहिली ती सात वाद्यांवर भागविली, कारण महायुद्धाच्या दिवसांत मोठा ताफा परवडत नव्हता. फ्रान्सच्या पूलांक यांची ‘बाबर’ हत्तीची कथा तर एक पियानो आणि एक वाचक यांवरच चालते. नात्यांतल्या मुलांनीं पुस्तक पियानोवर ठेवून ‘हें वाजवा’ म्हटलें, आणि तिचा जन्म झाला.

आमच्या भाच्याच्या घरींही असाच हुकूम निघाला. पंचतंत्रांतील माकड आणि मगर यांची कथा आम्ही त्या मुलीस रोज रात्रीं सांगत असूं. संगीतशाळेंतून आल्यापासून ती नुसती ऐकण्यास तयार होईना. भाच्याकडे एक बांसरी होती. ती माकडास मिळाली. पेटीचे खालचे सूर मगरास, आणि पेटीचा नुसता भाता हालविला कीं नदी. सूनबाईंनीं पाटावर बोटें वाजवून जांभळें पाडलीं. आम्हांस फक्त बोलण्याचें काम, तेंही “आजोबा, थोडंच बोला” या अटीवर. तीन रात्रीं प्रयोग झाले. मगराच्या बायकोस कोणतें वाद्य द्यावें याविषयीं मात्र एकमत होईना. ती दुष्ट, म्हणून तिला झांज द्यावी असें सूनबाईंचें म्हणणें, आणि ती आजारी आहे, मोठ्यानें कशी वाजेल, असें मुलीचें. आम्ही विमानतळावर जाण्यास निघालों तोंपर्यंत तो वाद मिटलेला नव्हता.